पट्ट्यांचा माल: मागापासून भिंतीपर्यंत

घर सजविताना आज गिऱ्हाईक पडदा, पलंगपोस, सोफ्याचे कापड आणि भिंतीचा रंग या सर्वांत पट्टे मागू लागले आहे. ही नक्षी दिसायला सगळ्यात सोपी. पण फुलांच्या नक्षीत झाकून जाणारी चूक पट्ट्यात लांबूनही दिसते. माग चालविणारे, कापड विकणारे, पडदे शिवणारे आणि रंगकाम करणारे असे चारही प्रकारचे बांधव आमच्या वाचकांत आहेत, म्हणून या मालाची माहिती थोडी तपशिलाने देत आहोत.

पट्टा आपल्या विणकरांना नवा नाही. गुजरातेत पाटण आणि मांडवी येथे विणला जाणारा मशरू बहुधा पट्टेदारच असतो. त्यात ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असे. वीण साटीनची असल्यामुळे वर रेशीम झळके आणि अंगाला मात्र सूत लागे. शुद्ध रेशीम पुरुषांना वर्ज्य असल्याने ही युक्ती निघाली, आणि मशरू म्हणजे शरीयतला मान्य, असे नावही तिला मिळाले. वर ताणाच दिसत असल्याने ताण्याचे रंग बदलले की उभा पट्टा आपोआप तयार होई. आता रेशमाच्या जागी बहुतांशी रेयॉन आला आहे, पण विणण्याचे तत्त्व तेच.

हेच तत्त्व साध्या यंत्रमागाच्या कामाचे आहे. साध्या मागाला धोट्याची एकच पेटी असते, म्हणून बाण्यात एकच रंग चालतो. आडवे पट्टे किंवा चौकडा काढायचा तर ड्रॉप बॉक्स किंवा तशी सोय असलेला माग लागतो. उभ्या पट्ट्याला मागात काहीच बदल लागत नाही, सारे काम वार्पिंगमध्येच होते. भिवंडी-मालेगावकडील पुष्कळ लहान मागवाले व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणतात. त्यांच्यापैकी कुणाला स्वतःचा माल काढायचा असेल तर नवे यंत्र न घेता सुरुवात करता येईल अशी ही वाट आहे, असे आम्हाला वाटते.

मात्र यात धोकाही आहे. बीम भरला की शेवटच्या वारापर्यंत तोच पट्टा निघणार, आणि बाजाराने तो नाकारला तर सगळे भांडवल अडकणार. यावर जुन्या उस्तादांचा उपाय आहे. ताणा तोच ठेवून बाण्याचा रंग बदलावा. निळ्या-पांढऱ्या ताण्यावर पांढरा बाणा घातला तर पट्टा उठून दिसतो, राखाडी घातला तर तो मवाळ होतो आणि निळा घातला तर पांढरे पट्टे फिके निळे होतात. एकाच बीमवर तीन माल निघतात. आधी प्रत्येकी थोडे थोडे विणून दुकानदाराला दाखवावे, मग उरलेला ताणा ठरवावा.

सुताची पारख त्याहून महत्त्वाची. गडद पट्ट्याचा रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरला की थान वाया गेलेच. रंगाऱ्याकडून सूत आले की गडद धाग्याला पांढरा धागा गुंडाळून साबणाच्या पाण्यात अर्धा तास उकळावा. पांढरा डागळला तर ते सूत पट्ट्यात घालू नये. पडद्याच्या मालाला उन्हाचीही परीक्षा आहे, तेथे व्हॅट रंगाचा आग्रह धरावा. सुती आणि पॉलिस्टर धागे शेजारी शेजारी घातले तर धुतल्यावर एक आटतो, दुसरा नाही, आणि कापडाला चुण्या पडतात.

आता शिंपी बांधवांकडे वळू. आडव्या पट्ट्यांचे पडदे शेजारी लागले की पट्टे एका ओळीत आलेच पाहिजेत. समजा पट्ट्यांचा क्रम दर १८ इंचांनी पुन्हा सुरू होतो आणि दुमड धरून एका पडद्याला ९४ इंच कापड लागते. सहा पडद्यांचा सरळ हिशेब ५६४ इंच. पण प्रत्येक पडदा त्याच पट्ट्यापासून सुरू व्हायचा तर पहिले पाच १०८ इंचांवर कापावे लागतात, शेवटचा तेवढा ९४ वर भागतो. एकूण ६३४ इंच. वरचे ७० इंच, म्हणजे पावणेदोन मीटरहून अधिक कापड, भाव सांगताना धरले नाही तर ते आपल्याच मजुरीतून जाते. कापड घेण्यापूर्वी काठाला काठ लावून घडी घालावी. आडवा पट्टा मध्ये कमानीसारखा वाकलेला दिसला तर ते थान परत करावे, कितीही कौशल्य लावले तरी ते शिवताना सरळ होत नाही.

उभ्या पट्ट्याने खोली उंच दिसते, असे दुकानदार सर्रास सांगतात. तसे वचन गिऱ्हाइकाला देऊ नये. १९ व्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी दाखविले होते की आडव्या रेघांनी भरलेला चौरस उलट उंच भासतो आणि उभ्या रेघांचा रुंद. लहान खोलीत काळा-पांढरा, दाट पट्टा डोळ्यांना त्रास देतो, जवळच्या दोन छटांचा रुंद पट्टा बरा, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.

भिंतीवर पट्टे काढणाऱ्यांनी पट्ट्यांची संख्या विषम ठेवावी. १० फुटांच्या भिंतीवर ८ इंचांचे १५ पट्टे बसतात आणि दोन्ही कोपऱ्यांत एकच रंग येतो. कोपरा सरळ आहे असे धरून चालू नये, प्रत्येक रेघ ओळंब्याने घ्यावी. आधी सगळ्या भिंतीला फिकी छटा देऊन ती पुरती वाळू द्यावी, मग चिकटपट्टी लावावी. पट्टीच्या कडेवर प्रथम तीच फिकी छटा फिरवावी, म्हणजे फटी बुजतात आणि गडद रंग आत शिरत नाही. गडद हात ओलसर असतानाच पट्टी सावकाश ओढून काढावी. वाळल्यावर ओढली तर कडेचा रंग पापुद्र्यासारखा निघतो.