विमानाचे अंतर आणि घड्याळाची वेळ

‘एक विमान हिवाळ्यात दिल्लीहून पहाटे ४ वाजता सुटले आणि त्याच तारखेस पहाटे ५ वाजता अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे उतरले, तर प्रवासास किती वेळ लागला?’ असे उदाहरण फळ्यावर दिल्यास बहुतेक मुले ‘एक तास’ असे उत्तर देतील. त्यांची वजाबाकी बिनचूक असते. घड्याळे दोन आहेत, एवढेच त्यांच्या ध्यानी आलेले नसते. म्हणून अशा उत्तरावर नुसती फुली मारून पुढे जाणे इष्ट नव्हे.

भारताची प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, सॅन फ्रान्सिस्कोची १२० अंश पश्चिम रेखावृत्तावरून. दोहोंत २०२½ अंशांचे अंतर आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून तेथील घड्याळ साडेतेरा तास मागे असते. तेथे पहाटेचे ५ वाजतात तेव्हा दिल्लीत सायंकाळचे साडेसहा झालेले असतात. अर्थात प्रवास साडेचौदा तासांचा झाला. (उन्हाळ्यात तेथे घड्याळे एक तास पुढे करतात व फरक साडेबारा तासांचा उरतो. हे प्रथमच सांगू नये; मुले गोंधळतात.)

अंतराचा प्रश्न याहून मनोवेधक आहे. भिंतीवरील नकाशावर दिल्लीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पट्टी ठेवली, तर रेषा इराण, उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागर यांवरून जाते. या रेषेने खरोखरच गेल्यास सुमारे साडेअठरा हजार किलोमीटर पडतील. आता पृथ्वीगोलावर त्याच दोन ठिकाणी दोरा ताणून धरावा. तो आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि हिमालय, सैबेरिया, आर्क्टिक महासागर व अलास्का यांवरून जातो. ही लांबी सुमारे १२,४०० किलोमीटरच भरते. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर आणताना ध्रुवांकडील प्रदेश ताणले जातात, त्याचा हा परिणाम होय. हा दोरा मुलांच्या हातीच द्यावा. शिक्षकाने ताणून दाखविल्यास निम्मा लाभ जातो.

तथापि जवळची वाट सदैव लवकरची असते असे नाही. एअर इंडियाचे याच दोन शहरांमधील विमान पूर्वी अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. वाट हजाराहून अधिक किलोमीटरांनी वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झाली. परंतु प्रवास साडेचौदा तासांतच आटोपला, म्हणजे सुमारे दोन तास वाचले. मध्य अक्षांशांवर, विमाने उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानास ते पाठीमागून रेटतात. प्रवाहाबरोबर जाणारी होडी नदीकाठच्या मुलांनी पाहिलेली असते. तोच दाखला द्यावा.

येथे एखादा चुणचुणीत मुलगा हमखास विचारतो, की विमान वर स्थिर राहिले तर पृथ्वी खालून फिरून अमेरिका आपणच येणार नाही काय? हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, असे त्यास सांगावे. आणि धावत्या एस. टी. गाडीत चेंडू सरळ वर उडविला तर तो कोठे पडेल, हे त्यासच विचारावे.