तरस दिसलं म्हणून काठी उचलू नका



गळीत हंगाम सुरू झाला की गट कार्यालयात हमखास निरोप येतो, "साहेब, उसात वाघरू आहे, टोळी फडात उतरायला तयार नाही." दर वेळी तो बिबट्याच असतो असं नाही. कधी ते तरस असतं. म्हणून या अंकात बेणे, खोडवा बाजूला ठेवून या जनावराची माहिती देत आहे.

आधी ओळख पटवू. बांधाच्या ओल्या मातीत ठसा बघा. बिबट्या नखं आत ओढून चालतो, त्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. तरसाची नखं कुत्र्यासारखी उमटतात, पण पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा असतो. दुसरी खूण विष्ठेची. हाडं खाल्ल्यामुळे ती वाळली की खडूसारखी पांढरी पडते.

दिसायला कुत्र्यासारखं असलं तरी तरस कुत्र्याच्या कुळातलं नाही. मांजर, मुंगूस, उदमांजर यांच्या बाजूचं आहे. पुढचे पाय लांब, मागचे आखूड, त्यामुळे पाठ उतरती आणि चाल लंगडल्यासारखी. अंगावर काळे पट्टे, वजन साधारण ३० ते ४० किलो. भ्यालं की मानेपासून शेपटीपर्यंतची आयाळ ताठ उभी करतं आणि आहे त्याहून बरंच मोठं दिसतं. आपला माणूस नेमकं हेच रूप बघतो आणि गावात येऊन वासराएवढं जनावर सांगतो. खोटं बोलत नाही बिचारा, त्याला दिसलंच तेवढं! प्रत्यक्षात त्या वेळी जनावरच घाबरलेलं असतं. कुत्र्यांनी घेरलं तर कधी कधी ते मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतं आणि संधी मिळताच पळून जातं.

'तरस हसतं' असं म्हणतात ते आफ्रिकेतल्या ठिपक्याच्या तरसाबद्दल. ते कळपानं राहतं, शिकार करतं आणि कळपात मादीचा हुकूम चालतो. आपलं पट्ट्याचं तरस बहुधा एकटंदुकटं फिरणारं, रात्रीचं आणि जवळजवळ मुकं.

त्याचं मुख्य खाणं म्हणजे मेलेली जनावरं. जबडा असा की बैलाच्या मांडीचं हाड फोडून आतला मगज खातं. शिवाय उंदीर, किडे, पडलेली फळंही चालतात. क्वचित शेळी-करडू किंवा कुत्रं मारतं, हे नाकारून चालणार नाही. पण फाडलेल्या शेळीजवळ ते दिसलं म्हणून शेळी त्यानंच मारली असंही धरू नये. दुसऱ्यानं मारलेल्यावर ताव मारायला ते हटकून येतं.

पूर्वी मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की गिधाडं तासाभरात फक्त सांगाडा ठेवायची. १९९० नंतर गिधाडं झपाट्यानं गेली. दुखण्यावर जनावरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक मेल्या जनावराच्या मासातून त्यांच्या पोटात जाऊन त्यांना मारत होतं. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पण गेलेली गिधाडं अजून भरून आलेली नाहीत. आता तो सडका माल संपवायला उरली भटकी कुत्री आणि तरस. कुत्री वाढली की पिसाळण्याचा धोका वाढतो. मला विचाराल तर माळावर तरस असलेलं बरं.

आणि ते फक्त जंगलातच राहतं असंही नाही. अकोले तालुक्यातल्या बागायती पट्ट्यात विद्या अत्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्री आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावून पाहणी केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिथं दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आणि पाच तरसं आढळली. त्याच भागात चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं राहतात! म्हणजे उसाच्या मुलखात ही जनावरं रोज आपल्या शेजारून जातात, आपल्याला पत्ता लागत नाही एवढंच.

मादी तीन महिन्यांनी विते. एक ते चार पिल्लं, डोळे मिटलेली. जागा म्हणजे ओढ्याची कपार किंवा साळिंदराचं जुनं बीळ; दाराशी हाडं पडलेली असतात. पिल्लं वर्षभराच्या आसपास आईच्या दुधावर असतात. असं बीळ दगडांनी बुजवलं किंवा धूर केला की आख्खी वेत जाते.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे मेलेल्या शेळीवर कीटकनाशक टाकून ठेवणे. मारायचा असतो बिबट्या, मरतात तरस, कोल्हे, कावळे आणि शेजाऱ्याचं राखणीचं कुत्रं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हा गुन्हा आहे. आणि तशी गरजही नाही. तरसानं पाळीव जनावर मारलं तर राज्य शासन नुकसानभरपाई देतं. जनावर न हलवता ताबडतोब वनरक्षकाला कळवा आणि पंचनामा करून घ्या. उशीर झाला की केस लटकते, हा नेहमीचा अनुभव.

टोळीच्या मुकादमांना सांगणं एवढंच की, फडात हालचाल वाटली तर चारी बाजूंनी घेरू नका. एका कडेनं तोड धरा, ओढ्याकडची बाजू मोकळी ठेवा आणि थोडा आवाज करा. जनावर आपल्या वाटेनं निघून जाईल. पिल्लं दिसली तर हात न लावता चिटबॉयला कळवावे. दोन दिवस टोळी दुसऱ्या प्लॉटवर हलवण्याची व्यवस्था गट कार्यालय करील.

– ऊस विकास अधिकारी