अंडे कुठून आले, कसे ठेवले?

मागच्या उन्हाळ्यात खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून एक आजी आणि तिचा नातू एकाच जीपमधून माझ्या दवाखान्यात आले. दोघांनाही ताप, पोटात मुरडा आणि उलट्या-जुलाब. नातू सतरा वर्षांचा, तालमीत जाणारा. रोज पहाटे दुधात सहा कच्ची अंडी फेटून पिण्याचा त्याचा नेम. आजीला अशक्तपणा वाटतो म्हणून त्या दिवशी त्याने प्रेमाने आपल्यातलेच एक पेलाभर तिलाही दिले. नातू तीन दिवसांत सावरला. आजीला मधुमेह होता. तिचा रक्तदाब उतरला, लघवी कमी झाली आणि तिला मिरजेला हलवावे लागले. नऊ दिवसांनी ती घरी परतली. शौचाच्या तपासणीत साल्मोनेला हे जंतू सापडले.

आजीचा मुलगा मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत होता. "डॉक्टरसाहेब, अंडी चांगली होती. पाण्यात टाकून बघितली होती, सगळी तळाला बसली. एकसुद्धा नासकं नव्हतं."

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, पण त्याचा समज चुकीचा होता. हा समज आपल्यापैकी बहुतेकांचा आहे, म्हणून आजचा लेख.

अंड्याचा प्रवास

आपण किराणा दुकानातून जे पांढरे अंडे आणतो ते आले कुठून, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आपल्याकडे विटा-खानापूर भागात पोल्ट्री आहेत, पण राज्याची गरज भागेल एवढे उत्पादन महाराष्ट्रात होत नाही. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार महाराष्ट्रात दररोज सव्वादोन कोटींहून अधिक अंडी खपत होती आणि उत्पादन होते एक ते सव्वा कोटीच्या घरात. उरलेली अंडी कर्नाटक, तेलंगणा आणि तामिळनाडूतून येत. तामिळनाडूतील नामक्कल आणि कर्नाटकातील होस्पेट ही अंड्यांची मोठी केंद्रे. नामक्कलहून साताऱ्याला यायचे म्हणजे सुमारे हजार किलोमीटरचा रस्ता.

आजीच्या घटनेनंतर मी एका ओळखीच्या होलसेल व्यापाऱ्याकडे मुद्दाम जाऊन गाडी उतरताना पाहिली. ताडपत्री बांधलेला ट्रक. तीस अंड्यांचा एक ट्रे, असे सात ट्रे मिळून दोनशे दहा अंड्यांची पेटी. ताडपत्री सोडली तेव्हा आतून गरम वाफ आली. हमाल सराईत होते, तरी तडकलेली अंडी निघालीच. ती त्यांनी बाजूच्या ट्रेमध्ये लावली. मी विचारले, "यांचे काय करता?" व्यापारी म्हणाला, "स्वस्तात जातात. गाडीवाले नेतात, भुर्जीला चालतात." मग विचारले, "ही अंडी किती दिवसांची?" तो हसला. "डॉक्टर, ते कोंबडीलाच ठाऊक. पोल्ट्रीवर एक-दोन दिवस, रस्त्यात दीड-दोन दिवस, माझ्याकडे दोन दिवस, दुकानात तीन-चार. तुम्हीच हिशेब करा."

हिशेब आठ ते दहा दिवसांचा होतो. हे सगळे दिवस अंडे उघड्या हवेत, आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिसाच्या आसपास असतो. हेच नामक्कल अंडी आखाती देशांना पाठवते, तेव्हा ती थंड कंटेनरमधून जातात. आपल्याकडे येतात ती ताडपत्रीखाली. परराज्यातून आली म्हणून अंडी वाईट ठरत नाहीत. ती किती दिवस आणि किती उष्णतेत राहिली, हे महत्त्वाचे आहे.

आत काय घडते?

अंड्याचे कवच भक्कम दिसते, पण त्याला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. कोंबडी अंडे घालते तेव्हा कवचावर एक पातळ नैसर्गिक लेप असतो. तो ही छिद्रे झाकतो. आत पांढऱ्या भागात जंतूंना रोखणारे घटक असतात आणि जंतूंच्या वाढीला लागणारे लोह तिथे त्यांना मिळत नाही. निसर्गाने पिल्लासाठी केलेली ही तटबंदी आहे.

साल्मोनेला दोन वाटांनी येतो. पहिली वाट बाहेरची. कवचाला लागलेल्या विष्ठेतून जंतू तड्यातून किंवा छिद्रातून आत शिरतात. दुसरी वाट आतली. कोंबडीच्या बीजकोशातच जंतू असतील तर कवच तयार होण्यापूर्वीच ते अंड्यात जातात. असे अंडे बाहेरून स्वच्छ, ताजे आणि वासालाही उत्तम असते. अशी अंडी फार थोडी असतात. अमेरिकेत एकेकाळी वीस हजारांत एक असा अंदाज केला गेला होता. पण उष्णतेत दिवस जाऊ लागले की बलकाभोवतीचा पडदा सैल होतो, बलकातील पोषक द्रव्ये पांढऱ्यात झिरपतात आणि आत असलेल्या मूठभर जंतूंना मेजवानीच मिळते. थंडीत हा पडदा जास्त दिवस टिकतो. चार-पाच अंश तापमानाला जंतूंची वाढ जवळजवळ थांबते. फ्रीजमध्ये जंतू मरत नाहीत, त्यांची संख्या वाढत नाही एवढेच. पण तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

आता पाण्याची परीक्षा. अंडे जुने होते तसा आतला ओलावा छिद्रांतून उडून जातो आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. म्हणून ताजे अंडे तळाशी आडवे पडते, जुने तळाशी उभे राहते आणि फार जुने तरंगते. दिव्यासमोर धरूनही हीच पोकळी दिसते, बारीक तडाही दिसतो. दोन्ही परीक्षा उपयोगी आहेत. पण त्या अंड्याचे वय सांगतात, जंतू दाखवत नाहीत. आजीच्या घरी नेमकी हीच चूक झाली. पाण्यात अंडी उत्तीर्ण झाली आणि पत्र्याच्या घरात चुलीशेजारच्या फळीवर आणखी काही दिवस राहिली.

बाहेरच्या देशांत काय करतात?

ब्रिटनमध्ये डिसेंबर १९८८ मध्ये आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री एडविना करी यांनी देशातील बहुतांश अंडी-उत्पादनात साल्मोनेला असल्याचे विधान केले. अंड्यांचा खप कोसळला आणि करीबाईंना राजीनामा द्यावा लागला. विधान अतिरंजित होते, पण प्रश्न खरा होता. पुढे तिथे कोंबड्यांना साल्मोनेलाची लस देणे, अंड्यावर शिक्का व तारीख छापणे असे उपाय झाले. २०१७ मध्ये तेथील अन्न विभागाने सांगितले, की शिक्क्याची ब्रिटिश अंडी अर्धी कच्चीही गरोदर स्त्रियांना, लहान मुलांना आणि वृद्धांना चालतील. हे फळ मिळायला जवळजवळ तीस वर्षे लागली.

अमेरिकेत अंडी धुतात. धुताना कवचावरचा लेप जातो, म्हणून नंतर ती सतत सात अंशांच्या आसपास थंड ठेवावीच लागतात. युरोपात खाण्याची उत्तम प्रतीची अंडी धुण्याची परवानगी नाही. लेप शाबूत ठेवायचा आणि अंडे घातल्यापासून अठ्ठावीस दिवसांची तारीख छापायची, ही त्यांची रीत. दोन्हीकडे एक साखळी आहे आणि ती कोणी तरी तपासते.

आपल्या सुट्या ट्रेमधल्या अंड्यांवर तारीख नसते. त्यामुळे आपल्याकडे शेवटचा तपासनीस म्हणजे अंडी विकत घेणारी गृहिणी किंवा गृहस्थ!

दुकानात काय पाहावे?

ज्याच्याकडे रोज किंवा दिवसाआड माल येतो आणि संपतो, अशा दुकानातून अंडी घ्यावीत. "गाडी कधी आली?" हा प्रश्न विचारायला संकोच करू नये. दारात उन्हात मांडलेला ट्रे टाळावा. तडकलेले, ओले, चिकट किंवा विष्ठा लागलेले अंडे स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. कानाशी हलवून आत डुचमळल्यासारखे वाटले तर परत द्यावे. पाकिटातली अंडी घेतल्यास तारीख वाचावी. तीस अंड्यांचा ट्रे दोन-चार रुपये स्वस्त पडतो म्हणून चार माणसांच्या घरात नेऊ नये, सहा किंवा बारा घ्यावीत.

गावठी अंडे आपोआप निर्धोक असते, हाही गैरसमज आहे. कडब्याच्या गंजीत सापडलेले अंडे कधीचे, हे घरच्यांनाही माहीत नसते. आणि दोन-तीन वर्षांनी डोके वर काढणारी 'प्लॅस्टिकच्या अंड्यां'ची अफवा मनातून काढून टाकावी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ती निराधार असल्याचे सांगितले आहे.

घरात काय करावे?

अंडी आणल्याबरोबर धुऊन ठेवू नयेत. धुतल्याने लेप जातो आणि गार पाण्याबरोबर कवचावरची घाण आत ओढली जाते. घाण असल्यास कोरड्या फडक्याने पुसावी. धुवायचेच तर शिजवण्याच्या अगदी आधी.

फ्रीज असेल तर अंडी आतल्या फळीवर ठेवावीत, दारातल्या खोबणीत नव्हे. दार दिवसभर उघडले जाते आणि तिथले तापमान सारखे वर-खाली होते. बोथट टोक वर ठेवावे. अशी अंडी दोन ते तीन आठवड्यांत संपवावीत.

एकदा थंड झालेले अंडे थंडच राहिले पाहिजे. फ्रीजमधून काढून ओट्यावर ठेवले की कवचावर दव धरते, आणि त्या ओलाव्यातून जंतूंना आत जायला वाट मिळते. वीज सात-आठ तास गेली असेल तर ती अंडी लवकर आणि पूर्ण शिजवून संपवावीत. फ्रीज नसेल तर घरातल्या सर्वांत थंड, सावलीच्या कोपऱ्यात ठेवावीत आणि उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपुरतीच आणावीत. उकडलेले अंडे दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. उकडले म्हणजे ते टिकते, ही समजूत उलटी आहे. अंडे फोडल्यावर हात साबणाने धुवावेत आणि त्याच हाताने कोशिंबीर चिरू नये.

कच्चे अंडे आणि ताकद

आपला मुलूख पैलवानांचा. दुधात कच्चे अंडे ही तालमीतली जुनी रीत आणि तिच्याविरुद्ध बोलणे मला थोडे जड जाते. पण १९९८ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी मोजून पाहिले, तेव्हा शिजवलेल्या अंड्यातील सुमारे नव्वद टक्के प्रथिने पचली आणि कच्च्यातील जेमतेम पन्नास टक्के. म्हणजे सहा कच्ची अंडी पिणारा मल्ल जवळजवळ तीन अंडी वाया घालवतो. शिवाय कच्च्या पांढऱ्या भागातील एक प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरते. पांढरे आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवलेले अंडे जास्त ताकद देते आणि साल्मोनेलाही मारते.

हीच गोष्ट मेयोनीजची. कच्च्या अंड्याचे मेयोनीज आता आपल्याकडच्या रोलच्या गाड्यांवरही पोहोचले आहे. विषबाधेच्या घटनांनंतर केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये त्यावर बंदी घातली. शेवटच्या दोन बंद्या एकेका वर्षासाठी होत्या. आपण घरापुरती बंदी घालायला कोणाच्या हुकमाची वाट पाहायला नको. गाडीवर भांडेभर अंडी फोडून तासन्‌तास ठेवलेली दिसली तर तिथे भुर्जी खाऊ नये. त्यात एक अंडे दूषित असले तरी सगळे भांडे दूषित होते.

त्रास झालाच तर

खाल्ल्यानंतर सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही ताप, मुरडा, जुलाब सुरू होऊ शकतात. निरोगी माणूस चार ते सात दिवसांत बरा होतो. बहुतेकांना प्रतिजैविकांची गरज नसते, गरज असते पाण्याची. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहावे. पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा मधुमेही असेल, शौचात रक्त असेल, लघवी कमी झाली असेल किंवा रुग्ण गुंगीत असेल, तर घरी वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे.

हे वाचून कोणी अंडी सोडू नयेत. सहा ग्रॅम उत्तम प्रथिने एवढ्या स्वस्तात दुसरीकडे मिळणे कठीण, आणि आपल्या भागातील अशक्त माता व मुलांना त्यांची गरज आहे.

ती आजी परवा साखर तपासायला आली होती. नातू बरोबर होता. मी विचारले, "अंडी चालू आहेत का?" नातू खाली बघत म्हणाला, "उकडूनच खातो आता, आणि आजीलाही उकडूनच देतो." आजी म्हणाली, "आधी सोलून स्वतः एक खातो, मग मला देतो. पोराला अजून धास्ती आहे." मी त्याला सांगितले, की पूर्ण शिजवलेस तर धास्ती नको. पण ट्रे चुलीजवळून हलवलास का, ते आधी सांग. त्याने मान डोलावली. अंडी आता जिन्याखालच्या गार कोनाड्यात असतात.