दुर्बिणीतली फुली आणि उसातला बिबट्या

मंचरला माझं चष्म्याचं दुकान आहे. गेल्या वर्षी नोव्हेंबरात एक तरुण शेतकरी दुकानात आला. त्याला चष्मा नको होता. मोबाइलवर बंदुकीला बसवायच्या दुर्बिणींचे फोटो दाखवत त्यानं विचारलं, “काका, तुम्ही भिंगांतले जाणकार. बिबट्यासाठी यातली किती पॉवरची घेऊ?” घरात आजोबांच्या काळची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक होती. थ्री फेज वीज रात्रीची येत होती, आणि भरायला उसाचं पाणी होतं.

त्याला वेड्यात काढावं असे ते दिवस नव्हते. आंबेगावला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड आणि परिसरात, 12 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर 2025 या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत दोन मुलं आणि एक वृद्धा अशी तीन माणसं गेली होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला होता. परवानगी निघाली आणि 4 नोव्हेंबरच्या रात्री वन विभागाच्या पथकानं एका बिबट्याला गोळी घातली. आमच्याकडे दुकानापासून दशक्रियेच्या घाटापर्यंत दुसरा विषय नव्हता.

मी त्याला म्हटलं, “थांब जरा, वाचून सांगतो.” भिंगांचं गणित मी पुस्तकं आणून स्वतःच शिकलो, बंदुकीच्या दुर्बिणीचंही तसंच शिकावं म्हणून बसलो. पंधरा दिवसांत द्यायचं उत्तर वर्षभर लांबलं. ते इथं मांडतो.

कायद्यातली ‘शिकार’

आधी कायदा. 1972च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ आपल्या बोलण्यातल्या अर्थापेक्षा फार रुंद आहे. मारणं तर त्यात आहेच, पण पकडणं, सापळ्यात अडकवणं आणि तसा प्रयत्न करणं हेही त्यात येतं. म्हणजे वन विभागानं शेताच्या बांधावर शेळी बांधून पिंजरा लावला, तरी कायद्याच्या भाषेत ती शिकार आहे आणि तिला परवानगी लागते.

बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. कलम 11 नुसार राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक अशा प्राण्याच्या शिकारीची लेखी परवानगी, कारणं नोंदवून, देऊ शकतात. तो प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झालेला असावा किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा आजारी असावा. त्यातही मारण्याची परवानगी देण्याआधी तो पकडता येणार नाही, बेशुद्ध करता येणार नाही किंवा दुसरीकडे हलवता येणार नाही, याची त्यांची खात्री व्हावी लागते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, प्रामाणिक हेतूनं हातून प्राणी मेला तर तो गुन्हा नाही. पण दुर्बीण लावून रात्री उसाच्या कडेला दबा धरून बसणं हा स्वसंरक्षणाचा प्रकार होत नाही. त्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. हे मी त्या तरुणाला पहिल्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, “काका, ते माहितीय. तरी सांगा.”

मोठं दिसतं, पण काय दिसतं?

दुर्बीण घ्यायला जाणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, किती पट मोठं दिसतं? दूरच्या डोंगरउतारावरच्या सावजासाठी तो प्रश्न बरोबर आहे. बिबट्या, वाघ, रानरेडा अशा, उलटून अंगावर येऊ शकणाऱ्या जनावरासाठी तो चुकीचा आहे. कारण अंतर. आमच्या उसात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. फडाच्या कडेला, पांदीत, गोठ्यामागं जो काही सामना होतो तो वीस-तीस मीटरच्या आत.

आता साधा हिशेब मांडू. दहापट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून शंभर मीटरवरचा साधारण चार मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. वीस मीटरवर तोच पट्टा ऐंशी सेंटिमीटर उरतो. बिबट्याचं शेपूट सोडून अंग सव्वा मीटरच्या आसपास असतं. म्हणजे नळीत दिसणार ते नुसते ठिपके. खांदा कुठला आणि मांडी कुठली, तोंड कोणत्या दिशेला आहे, बाजूला बछडं आहे का, काही कळणार नाही. चारपटीला वीस मीटरवर दोन मीटरचा पट्टा मिळतो आणि एकपटीला सात मीटरच्या आसपास. म्हणून जगभर मोठ्या हिंस्र जनावरांच्या शिकारीसाठी एक ते चार पटीच्या, पुढचं भिंग लहान असलेल्या दुर्बिणी वापरतात. एकपटीला ठेवून दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. जनावर हललं तर दुसऱ्या डोळ्याला ते दिसत राहतं.

दुसरी गोष्ट डोळा आणि मागचं भिंग यांतल्या अंतराची. मोठ्या काडतुसाची रायफल खांद्याला जोरात धक्का देते आणि दुर्बीण मागं येते. हे अंतर नऊ-दहा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर नळीची कड भुवईत घुसते. जुन्या शिकाऱ्यांच्या भुवईवर अर्धचंद्राचा व्रण दिसे तो यामुळे.

तिसरी गोष्ट फार कमी जण सांगतात. दुर्बीण नळीच्या वर बसते, साधारण चार सेंटिमीटर. बंदूक शंभर मीटरला जुळवलेली असेल तर दहा मीटरवर गोळी फुलीच्या तीन-साडेतीन सेंटिमीटर खाली लागते. दूरवर अचूक असलेला नेम जवळ चुकतो.

अंधार आणि डोळ्याची बाहुली

इथं माझा धंदा कामाला आला. दुर्बिणीच्या मागच्या भिंगातून प्रकाशाची एक गोल चकती बाहेर पडते. तिचा व्यास काढायचा तर पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट. चाळीस मिलिमीटरचं भिंग दहापटीला चार मिलिमीटरची चकती देतं. तेच भिंग चारपटीला दहा मिलिमीटरची देतं. काळोखात विशीतल्या माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशीनंतर बहुतेकांची पाचच्या आसपास थांबते. माझ्याकडे वाचायच्या चष्म्यासाठी येणारे “रात्री गाडी चालवताना अंधारून येतं” म्हणतात, त्याचं हे एक कारण.

चकती बाहुलीपेक्षा लहान असेल तर चित्र काळवंडतं. मोठी असेल तर जादा प्रकाश डोळ्यात शिरतच नाही, पण डोळा थोडा सरकला तरी चित्र हरवत नाही, हा फायदा. दिवे लागणीच्या वेळी सहापटीला बेचाळीस मिलिमीटरचं भिंग तरुण डोळ्याला पुरेपूर होतं. त्यापुढं छप्पन्न मिलिमीटरचं जड, महाग भिंग माझ्यासारख्या पन्नाशीच्या माणसानं घेतलं तर त्यानं दिलेला वाढीव प्रकाश बाहुलीच्या काठावर सांडतो.

फुली

दुर्बिणीतल्या नेमाच्या खुणेला इंग्रजीत रेटिकल म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहानसं जाळं. मला तो वाचून आपल्याकडची वाघर आठवली. संस्कृतातली वागुरा म्हणजे जनावर धरायचं जाळं. आमच्याकडं कार्तिकानंतर उतरणारे मेंढपाळ आजही रात्री मेंढ्यांभोवती जे जाळं उभं करतात त्याला वाघर म्हणतात. धरायचं जाळं राखायच्या कामी आलं.

बारीक केसासारखी फुली कागदाच्या निशाण्यावर छान दिसते. पाचटाच्या, सावल्यांच्या आणि ठिपक्यांच्या पार्श्वभूमीवर ती विरघळून जाते. तिथं जाड फुली लागते. जुन्या जर्मन पद्धतीच्या चार नंबरच्या फुलीत डावी, उजवी आणि खालची अशा तीन जाड पट्ट्या मध्याकडे येतात, वरची बाजू मोकळी असते. अंधारात मधली बारीक रेघ हरवली तरी तीन पट्ट्यांच्या मध्ये डोळा आपोआप जातो. दुसरा प्रकार काठाला जाड आणि मध्ये बारीक रेघांचा. काहींत मध्यभागी बॅटरीवरचा लाल ठिपका असतो. तो अगदी मंद ठेवावा लागतो, नाहीतर तोच डोळे दिपवतो आणि मागचं जनावर दिसत नाही. अंतर मोजायच्या ठिपक्यांची, पायऱ्यांची झाडासारखी फुली इथं निरुपयोगी. वीस मीटरवर मोजायचं काय?

काही दुर्बिणींत पट वाढवली की फुलीही मोठी होते, काहींत ती तेवढीच राहते. पहिल्या प्रकारात एकपटीला फुली कोळ्याच्या धाग्याएवढी होते, म्हणजे जेव्हा जाड हवी तेव्हाच बारीक. जवळच्या कामाला दुसरा प्रकार बरा.

बेशुद्धीच्या इंजेक्शनची बंदूक म्हणजे डार्टगन. तिचा पल्ला वीस-तीस मीटरचा. डार्ट गोळीपेक्षा फार हळू जातो आणि वाटेत झुकतो, म्हणून आधी अंतर मोजून गॅसचा दाब ठरवावा लागतो. दाब जास्त झाला तर सुई हाडापर्यंत जाते, कमी पडला तर डार्ट पायाशी पडतो. मांडीच्या किंवा खांद्याच्या मांसल भागात तो नीट बसला तरी औषध चढायला काही मिनिटं जातात आणि तेवढ्यात जनावर उसात शिरतं. पिंपरखेडच्या रात्रीही आधी डार्टच मारला होता. तो चुकला, बिबट्या पथकावर चालून आला आणि मग गोळी सुटली.

कोणता?

इथवर वाचल्यावर माझ्याकडं उत्तर तयार होतं: एक ते चार पट, जाड फुली, मंद ठिपका, भुवईपासून निदान नऊ-दहा सेंटिमीटर अंतर. पण एक प्रश्न कुठल्याही भिंगात बसेना. फुलीवर आलेला बिबट्या तोच आहे का?

दोन बिबट्यांच्या अंगावरचे ठिपके कधी सारखे नसतात. एकाच बिबट्याची डावी आणि उजवी कूसही वेगळी असते, म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. ओळख या ठिपक्यांवर ठरते. आणि रात्री बिबट्या शोधायला सगळ्यात उपयोगी जे उपकरण, उष्णतेवर चालणारी थर्मल दुर्बीण, तिच्यात ठिपके दिसत नाहीत. काळा केस आणि पिवळा केस रात्री सारखेच उबदार. उसाच्या कडेला एक पांढरी आकृती चमकते. ती नर की मादी, हल्ला करणारा की बछड्यांकडे परतणारी आई, हे त्यावरून सांगता येत नाही.

ही शंका नवी नाही. रुद्रप्रयागच्या बिबट्यामागं जिम कॉर्बेट होते तेव्हा मध्येच सापळ्यात अडकलेला एक बिबट्या मारला गेला. लोकांना वाटलं, संपलं. तो नरभक्षक नव्हता. खरा 1926च्या मे महिन्यात मेला, आणि पायाच्या जुन्या गोळीच्या जखमेवरून त्याची खूण पटली. कॉर्बेटनी तो दुर्बिणीशिवाय, बंदुकीला बांधलेल्या विजेरीच्या उजेडात मारला.

चुकीचा बिबट्या हटवल्यानं काय होतं, याचा धडा आपल्याच जुन्नरनं जगाला दिला आहे. 2001 नंतर इथले बिबटे पिंजऱ्यात धरून दुसरीकडे सोडण्याची मोहीम निघाली. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आकडे आहेत: 1993 ते 2001 या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, 2001 ते 2003 मध्ये ते सतरावर गेले. धरलेल्यांतले किती दोषी होते हे कुणी तपासलं नव्हतं. पकडून सोडलेली जनावरं अनोळखी मुलखात भेदरून फिरत राहिली. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र उभं राहिलं ते याच काळात.

म्हणून पथक आधी ठसे मोजतं, कॅमेरे लावतं, आकाशातून शोध घेतं आणि मग फुली धरतं. ते सगळं एकट्या शेतकऱ्याला बांधावर बसून करता येणार नाही. त्याला दुर्बीण नको म्हणायला मला कायदा पुरेसा होता, पण पटायला हे कारण लागलं.

दिवाळीच्या आधी तो तरुण पुन्हा आला. मी हे सगळं सांगितलं, वीस मीटरचं गणित कागदावर काढून दाखवलं. त्यानं ऐंशी सेंटिमीटरचा आकडा दोनदा वाचला. मग म्हणाला, “मग रात्री पाणी धरायला जाताना काय घेऊ?”

मी म्हटलं, रुंद झोताची विजेरी, सोबत एक माणूस आणि मोठ्यानं बोलणं. झोत लांब फेकणारी नको, रुंद पसरणारी. बिबट्याचे डोळे उजेडात चमकतात, कुत्र्याचे आणि शेळीचेही चमकतात, तेव्हा चमक दिसली की थांबायचं, वाकायचं नाही, मागं सरायचं. वाकलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो.

त्यानं विजेरी घेतली. वीज अजून रात्रीचीच येते.