खबर आणि खबरदारी

'खबर' हा शब्द तुम्हांला नवीन नाही. तो मूळचा अरबी. पण उर्दूत आहे, तसा मराठीतही आहे. त्याचे अनेकवचन 'अखबार'. मराठीत आपण अखबाराला वर्तमानपत्र म्हणतो. मराठीत याच घरातला आणखी एक शब्द रोज वापरला जातो, तो म्हणजे 'खबरदारी'. खबरदारी म्हणजे काळजी, सावधपणा. वर्तमानपत्राच्या कामात हे दोन्ही शब्द बरोबरच चालतात. ते कसे, हे आज आपण पाहू आणि मग आपल्या वर्गाचे वर्तमानपत्र कसे काढायचे, तेही ठरवू.

समजा, एप्रिल महिना आहे. जळगाव-धुळ्याकडे त्या दिवसांत ऊन किती कडक असते, ते तुम्ही जाणताच. शाळा सुटल्यावर मुले कोपऱ्यावरच्या रसवंतीत उसाचा रस पितात. एके दिवशी सकाळी मोबाईलवर संदेश येतो, 'रसवंतीतला रस पिऊन दहा मुले आजारी. सर्वांना कळवा.' खाली कोणाचे नाव नाही. तासाभरात तो संदेश साऱ्या मोहल्ल्यात पोहोचतो. एक गोष्ट कानावर आली हे खरे; पण ती बातमी झाली का?

चांगला बातमीदार असा संदेश लगेच छापायला देत नाही. तो चौकशीला निघतो. त्याच्या मनात सहा प्रश्न असतात : काय घडले? कोठे घडले? केव्हा घडले? कोणाच्या बाबतीत घडले? का घडले? कसे घडले? मराठीत हे सहाही प्रश्न 'क' ने सुरू होतात. गंमत अशी, की उर्दूतही तसेच आहे : क्या, कहाँ, कब, कौन, क्यों, कैसे! त्यामुळे हे सहा 'क' तुम्हांला दोन्ही भाषांत सहज पाठ होतील.

या प्रश्नांची उत्तरे एकाच माणसाकडून मिळत नाहीत. बातमीदार आजारी मुलांच्या घरी जातो. दवाखान्यात डॉक्टरांना भेटतो. रसवंतीवाल्या चाचांनाही विचारतो, "चाचा, तुमचं म्हणणं काय आहे?" ज्याच्यावर ठपका येणार आहे, त्याची बाजू ऐकून घेणे हा या कामातला मोठा नियम आहे. आता समजा, चौकशीत कळले, की आजारी मुले दहा नव्हे, तीनच आहेत आणि त्यांपैकी एकानेही रस प्यालेला नाही. मग तो संदेश जसाच्या तसा छापला असता, तर एका कष्टकरी माणसाचा सारा हंगाम बुडाला असता. उलट, तपासणीत रसातला बर्फच खराब निघाला, तर? तर बातमी न छापल्यामुळे आणखी मुले आजारी पडली असती. म्हणजे घाईने छापण्यात जसा धोका आहे, तसाच गप्प बसण्यातही आहे. दोन्ही वेळी खबरदारी हवी.

बातमीदाराने लिहिलेली बातमी वर्तमानपत्राच्या कचेरीत जाते. चोपडा, रावेर, शिरपूर, साक्री अशा तालुक्यांच्या ठिकाणांहून वार्ताहर आपापल्या भागांतल्या बातम्या पाठवतात. देशभरातल्या बातम्या वृत्तसंस्था पुरवतात. 'प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया' आणि 'युनायटेड न्यूज ऑफ इंडिया' या आपल्या देशातल्या वृत्तसंस्था. यांपैकी 'युनायटेड न्यूज'ने १९९२ साली उर्दूतूनही बातम्या पाठवायला सुरुवात केली.

आलेली प्रत्येक बातमी उपसंपादक वाचतो. नावे, आकडे, तारखा तपासतो. नको असलेला मजकूर कापतो आणि बातमीला मथळा देतो. कोणती बातमी पहिल्या पानावर आणि कोणती आत, हे संपादक व त्याचे सहकारी ठरवतात. अग्रलेखात वर्तमानपत्राचे मत मांडलेले असते. बातमी आणि मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे घडले ते बातमीत. त्याविषयी काय वाटते ते अग्रलेखात.

पूर्वी शिशाचे खिळे एकेक करून जुळवावे लागत. आता पाने संगणकावर तयार होतात. मग छपाईयंत्रावर कागदाचे मोठे रीळ फिरू लागते. लांबच्या गावांना जाणारे अंक आधी छापतात, शहराचे नंतर. पहाटे गठ्ठे रवाना होतात आणि सकाळी एखादा शेतकरी चहा पिता पिता केळीचा किंवा कापसाचा भाव वाचतो. त्या भावावर विसंबून तो व्यापाऱ्याशी बोलणी करतो. आकडा चुकला, तर नुकसान त्याचे होते.

अंकाच्या किमतीतून सारा खर्च भागत नाही. मोठा वाटा जाहिराती उचलतात. म्हणून जाहिरात कोणती आणि बातमी कोणती, हे वाचकाला स्पष्ट दिसले पाहिजे.

आता घरचे वर्तमानपत्र हातात घ्या आणि बारीक अक्षरांतली एक ओळ शोधा. तिच्यात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात. ती छापणे कायद्याने बंधनकारक आहे. चूक झाली, तर जाब कोणाला विचारायचा, हे त्यामुळे कळते. मोबाईलवरच्या त्या संदेशाखाली मात्र कोणाचेच नाव नव्हते, आठवते ना?

मराठीतले पहिले वर्तमानपत्र 'दर्पण'. ते बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केले. म्हणून महाराष्ट्रात ६ जानेवारी हा पत्रकार दिन मानतात. 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी असा दोन्ही भाषांतला मजकूर असे. त्याच्या दहा वर्षे आधी, १८२२ साली, कलकत्त्यात 'जाम-ए-जहाँनुमा' हे उर्दूतले पहिले वर्तमानपत्र निघाले होते.

पण वर्तमानपत्र काढायला छापखानाच लागतो, असे नाही. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते. तेथील छात्रालयातल्या मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचे दैनिक चालवले. ते हाताने लिहिलेले असे! पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे १९३२ साली विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचन देत. गुरुजींनी ती अठराही प्रवचने ऐकता ऐकता लिहून घेतली. त्या टिपणांमुळेच त्यांचे पुस्तक होऊ शकले. बातमीदाराचे निम्मे काम लक्ष देऊन ऐकण्याचे असते, ते असे. याच साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' हे साप्ताहिक सुरू केले.

चला तर, आपलेही वर्तमानपत्र काढू या. एक मोठा कागद घ्या आणि मधोमध दुमडा. चार पाने तयार झाली. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात, उर्दू उजवीकडून डावीकडे. म्हणून एका बाजूने मराठीचे पहिले पान येईल आणि अंक उलटला, की उर्दूचे पहिले पान! शेवटचे पान कोणतेच नाही. आतल्या दोन पानांवर दोन्ही भाषा शेजारी शेजारी येतील.

कामे वाटून घ्या. एक संपादक आणि दोन उपसंपादक निवडा. सहा-सात जण बातमीदार व्हा. ज्यांचे अक्षर सुंदर आहे त्यांनी अंक लिहावा, ज्यांचा हात चित्रात चालतो त्यांनी चित्रे काढावीत. एकाने हिशेब ठेवावा. एका प्रतीच्या झेरॉक्सला पाच रुपये पडले, तर साठ प्रतींना तीनशे रुपये लागतील. ते कोठून आणायचे, हे आधी ठरवा. तेवढे जमत नसतील, तर एकच प्रत काढून भिंतीवर लावा. तीही शंभर जण वाचतील.

पंधरा दिवसांचा आराखडा करा. पहिल्या दिवशी बैठक घेऊन विषय वाटा. पुढचा आठवडा बातम्या जमवा. मग दोन दिवस तपासणी, तीन दिवस लेखन आणि चित्रे. राहिलेल्या दोन दिवसांत छपाई आणि वाटप.

बातम्या दूर शोधू नका. जळगावच्या मुलांनी मेहरूण तलावावर जावे, धुळ्याच्या मुलांनी पांझरेच्या काठी. मोहल्ल्यात नळाला पाणी किती दिवसांनी येते? शाळेच्या वेळेला एस.टी. मिळते का? वाचनालयात उर्दू पुस्तके किती आणि मराठी किती? प्रत्येक बातमीला सहा 'क' विचारा आणि निदान दोन माणसांकडून खात्री करा. कोणाचे नाव छापताना ते नीट लिहिले आहे ना, हे त्यालाच दाखवून विचारा. चूक झालीच, तर पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. त्यात कमीपणा नाही.

आणि अंकाच्या तळाशी तुमची सर्वांची नावे लिहायला विसरू नका. पहिला अंक तयार झाला, की एक प्रत रसवंतीवाल्या चाचांनाही नेऊन द्या. त्यांनी ती विश्वासाने वाचली, की समजा, तुम्हांला खबरही जमली आणि खबरदारीही.