तानपुरा नक्की कुणाचा?

गेल्या रमजान ईदनंतर इंदापुरात मामूंच्या घरी माळा साफ करायला काढला, तेव्हा गोधडीत गुंडाळलेला नानांचा तानपुरा खाली आला. मरहूम नाना मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसाला न चुकता जायचे. एसटी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत कधीतरी तिथल्याच एका वृद्ध माणसाकडून त्यांनी हा तानपुरा घेतला आणि मांडीवर सांभाळत घरी आणला. "हा अब्दुल करीम खाँसाहेबांचा आहे," असं तो वृद्ध म्हणाला होता. आमचं सगळं बालपण हे वाक्य ऐकण्यात गेलं.

जुन्या वस्तू घेणारा एक व्यापारी पुण्याहून आला. त्याने तानपुरा पाहिला आणि दोन भाव सांगितले. साधा जुना तानपुरा म्हणून एक, खाँसाहेबांचा म्हणून त्याच्या कितीतरी पट. "तुम्ही फक्त तसं लिहून द्या," तो म्हणाला. मामेभावाच्या कॉलेजची फी भरायची होती. मामी माझ्याकडे बघू लागल्या. घरात लिहिण्या-वाचण्याचं काम आलं की ते माझ्याकडेच येतं.

खाँसाहेब म्हणजे किराणा घराण्याचे थोर गायक. जन्म उत्तरेतल्या कैराना गावचा, पण ते स्थायिक झाले मिरजेत. 1937 साली दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचं निधन झालं आणि दफन मिरजेत झालं. उरुसात त्यांच्या आठवणीत गाण्याची मैफल होते. तेव्हा मिरजेत त्यांचा तानपुरा कुणाकडे असणं अशक्य नाही. पण अशक्य नसणं वेगळं आणि खरं असणं वेगळं.

मी आणि मामू तानपुरा घेऊन मिरजेला गेलो. तिथली वाद्यं बनवण्याची परंपरा जवळपास पावणेदोनशे वर्षांची. शस्त्रं घडवणाऱ्या, धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी सतारी आणि तानपुरे बनवायला घेतले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तानपुऱ्याचा भोपळा येतो तो आपल्याच भीमेकाठच्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून, हे तिथे कळलं तेव्हा मामूंना केवढा आनंद झाला!

कारागिराने भोपळा ठोकून पाहिला, दांडीचा सांधा पाहिला, घोडी आणि खुंट्या तपासल्या. म्हणाला, "मिरजेचाच आहे आणि जुनाही आहे. घोडी नंतर बदललीय. पण वरून नवं पॉलिश मारलंय, खालच्या खुणा गेल्या. आणि कुणी वाजवला, ते लाकूड सांगत नाही, मामू."

पॉलिश नानांनीच करून घेतलं होतं, प्रेमापोटी. आम्ही मिळतील ते खाँसाहेबांचे जुने फोटो पाहिले. त्यांत वाद्याची नक्षी ओळखू येत नव्हती.

मग एखादं हरवलेलं वाद्य ओळखतात तरी कसं? परदेशातली दोन उदाहरणं यासाठी फार उपयोगी आहेत.

बीटल्स या इंग्लंडच्या बँडमधल्या पॉल मॅकार्टनी यांनी 1961 मध्ये जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरात सुमारे 30 पौंडांना एक बेस गिटार घेतली. ती 1972 मध्ये लंडनमध्ये व्हॅनमधून चोरीला गेली. हॉफनर या गिटार कंपनीतल्या एका जाणकाराने आणि दोन पत्रकारांनी मिळून तिचा शोध घेतला. 2023 मध्ये लोकांना आवाहन केल्यावर ती इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर निघाली आणि त्या कुटुंबाने ती मालकाला परत केली. 2024 च्या फेब्रुवारीत ही बातमी जाहीर झाली. मॅकार्टनी डावखुरे, म्हणून गिटारही डावखुरी. शिवाय 1964 मध्ये तिची दुरुस्ती झाली होती, नवा रंग दिला होता. दुरुस्तीनंतरचे फोटो होते, म्हणून ती दुरुस्तीच ओळख ठरली.

त्यांचेच साथीदार जॉन लेनन यांची एक गिटार 1963 च्या अखेरीस हरवली. पुढे ती कुणीतरी साधी जुनी गिटार म्हणून विकत घेतली आणि कित्येक वर्षं वाजवली. ओळख पटली ती दोन गोष्टींनी. एक म्हणजे तिच्यावरचा क्रमांक. दुसरी म्हणजे लाकडाच्या रेषा. झाडाच्या रेषा माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या असतात, दोन फळ्यांच्या हुबेहूब सारख्या नसतात. जुन्या फोटोतल्या रेषा आणि ओरखडे तंतोतंत जुळले. 2015 मध्ये ती 24 लाख डॉलरना विकली गेली.

आता आपल्याकडचं एक उदाहरण, कडू आहे पण सांगायला हवं. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या चांदीच्या शहनाया 2016 च्या डिसेंबरमध्ये वाराणसीतून चोरीला गेल्या. महिनाभरात पोलिसांनी घरातल्याच एकाला आणि सराफांना पकडलं. शहनाया अवघ्या 17 हजार रुपयांना गेल्या होत्या. हाती लागली ती मुख्यतः वितळवलेली चांदी. चांदीचं वजन करता येतं, पण तिच्यात कुठली शहनाई होती हे आता कुणीही ओळखू शकत नाही.

परतीच्या एसटीत मामू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो वृद्ध माणूस कोण होता? त्याचं नाव काय?" आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. हदीस जमवणाऱ्या उलमांनी प्रत्येक सांगणाऱ्याचं नाव विचारलं, त्याने कुणाकडून ऐकलं ते विचारलं, मधली कडी तुटली तर तसं स्पष्ट नोंदवलं. आमची तर पहिलीच कडी निनावी होती. नाना खोटं बोलले नव्हते. त्यांनी जे ऐकलं ते सांगितलं. पण आम्ही ते सही करून विकलं असतं, तर ती खोटी गवाही झाली असती.

व्यापाऱ्याला मामूंनी कळवलं, "मिरजेचा जुना तानपुरा आहे. बाकी ऐकीव आहे, लिहून देणार नाही." तो पुन्हा आला नाही. फीसाठी मामींनी भिशीचे पैसे आधी मागून घेतले. तानपुरा घरातच राहिला.

मी शाळेत मुलांना आता एक गृहपाठ देते. घरातली एखादी जुनी वस्तू निवडा, मग ते दादीचं पानदान असो, परदादांचं घड्याळ असो की हाताने लिहिलेली किताब. तिचा फोटो काढा. भेगा, ओरखडे, दुरुस्ती यांचे जवळून वेगळे फोटो घ्या. कुणी, कुठून, कधी आणली, हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्या नावासकट लिहा. पावती असेल तर जपा. वस्तू चकाचक करण्याआधी जाणकाराला दाखवा. आणि जे ऐकीव आहे, त्यापुढे "ऐकीव" असंच लिहा.

नानांच्या तानपुऱ्याच्या गोधडीतही आता एक कागद आहे. त्यावर मामूंच्या अक्षरात तीन ओळी आहेत. "मिरजेत बनलेला. नानांनी आणला. खाँसाहेबांचा असल्याचं घरात सांगतात, पुरावा नाही." खाली तारीख आणि दोघांच्या सह्या आहेत, मामूंची आणि माझी.