बदलाचें भय आणि केंट बेक

घराचा पाया घातल्यावर खोली सरकवितां येत नाहीं. म्हणून शहाणा गृहस्थ आधीं नकाशा पक्का करवितो. संगणकाला द्यावयाच्या आज्ञांचा संच, म्हणजेच सॉफ्टवेअर, रचणाऱ्यांनींही प्रदीर्घ काळ हाच धडा गिरविला. आधीं मागण्यांची नोंद, मग आराखडा, मग लेखन आणि सर्वांत शेवटीं परीक्षा, असा क्रम रूढ होता. चूक जितकी उशिरां सांपडेल, तितकी तिची दुरुस्ती महाग, ही समजूत त्यामागें होती. परंतु व्यवहार कोणासाठीं थांबत नाहीं. काम हातीं येईपर्यंत पुष्कळदां गरजच पालटलेली असे. या कोंडींतून वाट काढणाऱ्यांत अमेरिकन अभियंते केंट बेक यांचें नांव अग्रगण्य आहे.

१९६१ सालीं जन्मलेल्या बेक यांचें शिक्षण ऑरेगॉन विद्यापीठांत झालें. पुढें टेक्ट्रॉनिक्स कंपनींत त्यांना वॉर्ड कनिंगहॅम हे सहकारी लाभले. १९८९ सालीं दोघांनीं एक साधी युक्ति प्रसिद्ध केली : प्रोग्रॅमच्या प्रत्येक घटकाचें नांव, त्याचें कर्तव्य व त्याचे साहाय्यक एकेका लहानशा कार्डावर लिहावे आणि तीं कार्डें मेजावर मांडून रचनेचा विचार करावा.

खरी कसोटी १९९६ सालीं लागली. क्राय्स्लर या मोटार-कंपनीची पगारवाटपाची नवी संगणक-योजना रखडली होती. तेथें बेक यांना पाचारण करण्यांत आलें. पगाराच्या हिशेबांतील चूक म्हणजे कोणाच्या तरी संसारांतील ओढाताण; अशा कामांत बदल करावयास हात कचरतात. तेथें जी व्यवस्था लागली ती अशी : काम थोड्या आठवड्यांच्या टप्प्यांत तोडावें, दोघांनीं एकाच यंत्रापुढें बसून लिहावें, पगाराचे नियम जाणणारा मनुष्य सदैव जवळ असावा, आणि परीक्षेचें स्थान शेवटीं नव्हे, तर आरंभीं असावें. १९९७ मध्यें सुमारें १०,००० नोकरांचे पगार या योजनेवर होऊं लागले. या रीतीला एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग हें नांव मिळालें, व १९९९ सालीं बेक यांनीं तिच्यावर ग्रंथ लिहिला.

तिचें मर्म शेवटच्या नियमांत आहे. गणित सोडविण्यापूर्वींच त्याचा ताळा लिहून ठेवावा, तशी ही तऱ्हा. मूळ पगार ५०० व कपात ५० असतां हातीं ४५० आले पाहिजेत, ही परीक्षा प्रथम लिहावयाची. प्रोग्रॅम अद्याप नसल्यानें ती अर्थातच फसते. मग ती उतरेल एवढेंच लेखन करावयाचें, आणि लागलीच तें नीटनेटकें करावयाचें. अशा शेंकडों परीक्षा सांठल्या म्हणजे नवा नियम घालतांना जुना मोडला, तर यंत्रच तो दोष तत्काळ दाखवितें. १९९७ सालींच झुरिकहून अटलांटाला विमानानें जातां जातां बेक व एरिक गॅमा यांनीं अशा परीक्षा चालविणारें जेयूनिट हें साधन रचलें. जावा भाषेंत लिहिणाऱ्यांच्या तें नित्य वापरांत आलें.

फेब्रुवारी २००१ मध्यें अमेरिकेंतील यूटा संस्थानांत स्नोबर्ड येथें १७ जाणकारांनीं अ‍ॅजाइल जाहीरनामा सिद्ध केला. ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षां बदलाला सामोरें जाणें अधिक मोलाचें, असें त्यांत म्हटलें आहे. बेक हे त्या सतरांपैकीं एक.

तथापि क्राय्स्लरची ती योजना २००० सालीं बंद करण्यांत आली, हें विसरतां कामा नये. कोणतीही रीत यशाची हमी देत नाहीं. बेक यांचें म्हणणें त्याहून मर्यादित, पण टिकाऊ आहे : ताळा जवळ असेल तर बदल करणें हें धाडस राहत नाहीं, आणि ताळा टाकून केलेला बदल, त्याला कोणतेंही नवें नांव दिलें, तरी धाडसच राहतो.